हौसाचा गुरुवार

रविवार, संकष्टीचा आदला दिवस, दुपारी चार. जागा: आमची पुढची खोली, सांगली. हजर: आई (खानावळ), तात्या (हळदीची वखार), मुल्लाचाचा (एस. टी. स्टँडवरचे कंट्रोलर), डॉक्टरकाका (कोपऱ्यावरचा दवाखाना), गुरुजी (रात्रशाळा), वसुधाताई (शिवणवर्ग) आणि मी, लिहायला. गैरहजर: ज्यांच्याविषयी बोलणं होतं ती सगळी पोरं.

वहीचं पहिलं पान असं सुरू होतं. ‘गैरहजर’ची ओळ मी माझ्या मनानं घातली होती. गुरुजींनी ती वाचून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पण खोडायला सांगितलं नाही. मी चौदा वर्षांची होते. अक्षर ठळक, समास आखून घ्यायची सवय आणि कुठल्याही गोष्टीची यादी केल्याशिवाय चैन न पडण्याचा स्वभाव. हा स्वभाव पुढे शाळेच्या कचेरीत तीस वर्षं उपयोगी पडला. आता निवृत्तीला चार महिने उरलेत, आणि आजही माझ्या टेबलावर दिवसाच्या कामांची यादी आहे. तिच्यातली एक सोडून सगळी कामं संध्याकाळपर्यंत होतील. त्या एका कामाची ही हकिकत.

ते मोठ्या दुष्काळाचं साल होतं. खटाव, माण, आटपाडी, जत या बाजूंची घरं फुटली होती. आई-बाप खडी फोडायच्या कामावर एका दिशेला, म्हातारी माणसं गावात, आणि मधल्या वयाची पोरं, म्हणजे कडेवर घेण्याइतकी लहान नाहीत आणि कामावर घेण्याइतकी मोठी नाहीत अशी, ती कुठलीतरी एस. टी. पकडून सांगलीत येऊन पडायची. स्टँडच्या बाकांवर, कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्यांवर, पेठेत हळदीच्या पोत्यांच्या आडोशाला. तशी त्यांना मदत होत होती. पण जो तो आपापल्या परीनं करत होता आणि कुणालाच दुसऱ्याचं माहीत नव्हतं. एका पोराला तीन ठिकाणांहून तीन सदरे मिळाले होते आणि दोन दिवस जेवण नव्हतं. डॉक्टरकाका गोळ्या द्यायचे, जेवणानंतर घे म्हणून सांगायचे, आणि पोरं त्या पाण्याबरोबर उपाशीपोटी गिळायची. सगळ्यात वाईट म्हणजे विचारपूस. गाव कुठलं, बाप कुठं, घर का सोडलंस. चार दारांत चार वेळा हेच विचारलं की पाचव्या दाराकडे पोर फिरकत नसे. गुरुजी म्हणाले की रात्रशाळेत आलेली सहा मुलं नाव-गाव लिहून घेतल्यावर दुसऱ्या दिवशी आलीच नाहीत.

तेव्हा आईनं वार काढला. म्हणजे तो जुनाच होता. गरीब विद्यार्थी पूर्वी वार लावून जेवायचे, सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. गुरुजी स्वतः साताऱ्याला असेच शिकले होते. त्यांनी त्या दिवशी सांगितलेलं एक वाक्य मी वहीत चौकट करून लिहिलं आहे: “वार लागला की त्या दिवशी त्या घरचं ताट पोराचं. मागायचं नाही, आभार मानायचे नाहीत. वार हक्काचा असतो.” मग तीन नियम ठरले. एक, विचारपूस एकदाच आणि एकाच माणसानं करायची, बाकीच्यांनी वहीत वाचायचं. दोन, कुठल्या दिवशी कुठं जेवायचं हे पोरानं निवडायचं. तीन, एखादा त्याच्या वारी आला नाही तर दुसऱ्या दिवशी ‘का आला नाहीस’ म्हणायचं नाही, नाहीतर पोर बिचकेल. तिसऱ्या नियमाला एकट्या तात्यांचा विरोध होता. तात्या, म्हणजे माझे वडील, पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन वखारीवर लागले होते आणि त्यांच्या अंगावरचा बनियन बारा महिने पिवळा असायचा. ते म्हणाले, “हजेरी न्हाई तर पलटण कसली? जो दिसत न्हाई त्याची खबर पयली काढायची असती.” आई म्हणाली, ही पलटण नव्हे. बाकीचे आईच्या बाजूचे झाले आणि मी नियम क्रमांक तीन लिहून त्याखाली रेघ ओढली.

पोरं नऊ होती. पाच घरांत त्यांचे वार वाटून दिले आणि ते वार ज्याचे त्याला तोंडी सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण पोरांतल्या आठांना वाचता येत नव्हतं. रविवारी सगळी आमच्याकडेच जेवायची. त्यानंतर मोठी माणसं बसायची आणि मी पुढच्या आठवड्याचं पान वाचून दाखवायची. डॉक्टरकाका मला ‘सेक्रेटरी’ म्हणायचे. तो मान मला फार मोठा वाटायचा, आणि घरात माझं म्हणून दुसरं काही फारसं नव्हतंही. दोन लहान भाऊ, सोळा जेवणारे, पहाटेपासून स्टोव्हला मारलेल्या पंपाचा आवाज, मग भाकरी थापण्याचा, मग ताटं आदळल्याचा. त्या वर्षी रेशनवर तांबडी मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायची. तिची भाकरी थापताना कडेनं फाटायची आणि आई ती ओल्या बोटानं सांधत राहायची. दुपारी तीन ते चार हा एक तास आई रिकामी असे. त्या तासात मी तिच्याजवळ बसून तांदूळ निवडत असे आणि ती माझी वेणी सोडून पुन्हा घालत असे. काही बोलत नसू. तो तास माझा होता.

आई मूळची वडूजच्या बाजूची. तिच्या खानावळीत सुरुवातीला कॉलेजातल्या एका मुलानं तिच्या बोलण्याची नक्कल केली होती, ती तिनं स्वयंपाकघरातून ऐकली. त्या दिवसापासून तिनं तोंडातली भाषा बदलली. इतकी बदलली, की मला जन्मापासून तिची एकच बोली माहीत होती: सावकाश, शब्द निवडून, थोडी ताठ. माझ्या तोंडून चुकून ‘हाय’ आलं तर ती वाटण थांबवून माझ्याकडे बघायची आणि मी ‘आहे’ म्हणेपर्यंत बघत राहायची. तात्या बोलायचे तसे बोलायचे. त्यांना ती काही म्हणत नसे.

हौसाला मुल्लाचाचा घेऊन आले. त्यांनी सांगितलं की ही पोरगी चार दिवस बायकांच्या बाकावर बसून आहे, भावाला शोधायला आली होती, भाऊ पेठेत हमाली करायचा, तो तिथं नाही. बाकी एक शब्द बोलत नाही. सोळा वर्षांची असेल. माझ्यापेक्षा डोकंभर उंच, केस तेलावाचून तांबूस झालेले आणि काखेत फडक्यात बांधलेली एक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ताटली. विचारपूस करायचं काम आईचं. तिनं तिच्या त्या सावकाश भाषेत नाव विचारलं, गाव विचारलं. पोरगी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. मी पेन टेकवून बसले होते. मग आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि अगदी हळू आवाजात, मी कधीच न ऐकलेल्या सुरात म्हणाली, “कुनाची गं तू, बाय?”

पोरीनं मान वळवली. “तुमी बी तिकडच्याच व्हय?”

“तिकडचीच की. वडूजच्या अलीकडं, वढ्याच्या कडंला आमचं घर.”

मग त्या दोघी बोलायला लागल्या. विहिरी, बाभळी, कुणाची तरी म्हैस, कुठल्या तरी देवळाच्या पायऱ्या. आई हसली. ती दात दाखवून हसते हे मला तोवर माहीत नव्हतं. मी भराभर लिहीत होते, पण निम्मे शब्द मला कळत नव्हते. मी एकदा मध्येच विचारलं, तर आई माझ्याकडे न बघता म्हणाली, “ते नको लिहू.” वहीत हौसाच्या नावापुढे म्हणून फक्त तीन ओळी आहेत: आई दोन वर्षांपूर्वी वारली, बाप खडीच्या कामावर, चुलत्याकडे राहवेना. पुढची अर्धी जागा कोरी आहे. त्या कोऱ्या जागेत काय होतं ते आईला माहीत होतं आणि मला नव्हतं.

हौसानं वार निवडले ते असे: सोमवार आणि शनिवार डॉक्टरकाकांकडे, मंगळवार गुरुजींकडे, बुधवार मुल्लाचाचांकडे, कारण त्यांची म्हातारी आई खूप गमती करायची, शुक्रवार शिवणवर्गानंतर वसुधाताईंकडे. गुरुवार आमच्याकडे आणि रविवार तर सगळ्यांसारखा. जेवायची ती मात्र प्रत्येक घरी स्वतःच्याच ताटलीत. कडेला खिळ्यानं टोचून तिच्या मेलेल्या आईचं नाव काढलेलं होतं, सोना. पुढे ती ताटली रोज वागवायचा कंटाळा आला म्हणून ती आमच्या फळीवर ठेवू लागली आणि इतर ठिकाणी मिळेल त्यात जेवू लागली. माझ्या दृष्टीनं हे पहिलं आक्रमण होतं. आमच्या फळीवर आमच्या ताटांत ती वाकडी ताटली.

दुसरं आक्रमण माडगं. हुलग्याचं पीठ गुळाच्या पाण्यात शिजवून केलेली ही पेज वडूजकडे घराघरांत असते. आमच्या घरात ती कधी झाली नव्हती. आता दर गुरुवारी व्हायला लागली. आई एक वाटी मलाही द्यायची. मला ती आवडायची नाही, घशाला खरखरायची, आणि हे जास्त वाईट होतं. आवडली असती तर निदान ती आम्हा तिघींची झाली असती. मग दुपारचा तास गेला. हौसा जेवून लगेच जायची नाही, आईजवळ बसायची, आणि आई तिच्या तांबूस केसांना तेल लावताना म्हणायची, “लय गुता झालाय गं.” मी तांदूळ निवडत समोर बसलेली. आई माझी वेणी रात्री घालते म्हणायची आणि विसरायची. वसुधाताई सांगायच्या की हौसाचा हात सरळ चालतो, काजं बघून घ्यावीत. गुरुजी सांगायचे की पोरगी महिन्यात जोडाक्षरांवर आली. ह्या सगळ्या बातम्या रविवारी मलाच वहीत लिहाव्या लागायच्या. शेवटच्या पानावर मी एक वेगळी यादी करून ठेवली होती: हौसाला मिळालेलं आणि मला न मिळालेलं. तेल. आईची निळी इरकल, परकर शिवायला. हसणं. भाकरीचा वरचा पापुद्रा. वढ्याच्या कडेचं घर. ते पान मी अजून फाडलेलं नाही.

एका रविवारी बोलण्यात निघालं की हौसाला आता स्टँडवर ठेवणं बरं नाही, वय झालं, तिथं सगळ्या तऱ्हेची माणसं येतात. वसुधाताईंकडे जागा नव्हती. आई म्हणाली, आमच्याकडे राहील. तात्यांनी मान डोलावली. पुढच्या रविवारी तिचं अंथरूण आणायचं ठरलं. तोवर आई माळ्यावरचं सामान हलवून घेणार होती. कुणीही मला विचारलं नाही, आणि विचारायचं काही कारणही नव्हतं. पण मी चौदा वर्षांची होते आणि माझ्या हातात वही होती.

सगळे उठून गेल्यावर हौसा मागच्या नळावर ताटं घासत होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, “या गुरुवारपासून तुझा वार वसुधाताईंकडे.”

तिनं राखेचा हात थांबवला. “शुक्रवार हाय की माजा तिकडं.”

“गुरुवार पण.”

“काकीनं सांगितलं?”

“हो,” मी म्हणाले.

तिनं हातातलं ताट पाण्याखाली धरलं. मग म्हणाली, “मग ताटली न्यू का?” मी म्हणाले, रविवारी ने. तिनं उरलेली ताटं घासली, उपडी घातली, आणि नेहमी आत जाऊन आईला ‘येते काकी’ म्हणायची ते न म्हणता मागच्या दारानं गेली. मला तेव्हा कळायला हवं होतं.

मला नेमकं काय हवं होतं ते मी नंतर खूपदा तपासून पाहिलं आहे. ती जावी असं मला वाटत नव्हतं. वसुधाताईंचा गुरुवारचा उपास कडक, त्यांच्या घरी दिवस मावळेपर्यंत चूल पेटत नसे. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं आणि मलाही. माझा हिशेब एवढाच, की ही तिथं जाईल, त्या म्हणतील तुझा वार उद्या, मग ही आमच्याकडे येईल, आणि सगळ्यांना वाटेल पोरगी दोन घरी ताट धरते. आईला थोडी कमी आवडेल, एवढंच. आणखी एक गोष्ट लिहून ठेवायला हवी. वहीत मी काहीच बदललं नाही. हौसाच्या गुरुवारपुढे ‘आपल्याकडे’ असंच राहिलं. वहीत खोटं लिहिणं मला जमलं नसतं. बोलायला काही वाटलं नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार, तीन अख्खे दिवस माझ्या हातात होते. त्या तीन दिवसांत हौसा आपापल्या वारी जेवून गेली, कुणालाही काही बोलली नाही, आणि मीही बोलले नाही.

गुरुवारी आईनं माडगं केलं. एक वाजला, दोन वाजले. जेवणारी मुलं उठून गेली. आईनं पातेलं विस्तवाच्या कडेला सरकवून ठेवलं आणि दोनदा दाराशी जाऊन आली. मला एकदाच म्हणाली, “आली नाही हौसा.” मी म्हणाले, नियम तीन. चार वाजता तिनं ते माडगं मला दिलं. त्या दिवशी मी दोन वाट्या प्यायले, खरखर लागत असून प्यायले, आणि आईनं माझी वेणी घातली. तो तास मला परत मिळाला होता. तो मला आजही आठवतो, आणि चांगला आठवतो, हेच अडचणीचं आहे.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. ज्याच्या त्याच्या घरी ती आली नाही आणि जो तो नियम तीन पाळून गप्प राहिला. एकेका घराला ती आठवड्यातून एक-दोनदाच दिसायची. एक वार चुकला तर चुकला. रविवारी आठच पोरं जेवली. आईनं माळा रिकामा केला होता. मोठी माणसं बसली, मी पान उघडलं, आणि हौसाच्या नावाशी आल्यावर एकेकजण म्हणत गेला की आमच्याकडे नाही आली. तात्यांनी मांडीवरचा हात उचलला आणि पुन्हा ठेवला. तेवढ्यात वसुधाताई म्हणाल्या, “गुरुवारी माझ्या दारात आली होती की. म्हणाली, वार बदललाय. मी म्हटलं, बाळ, आज माझा गुरुवार, चूल नाही, तुझा वार उद्या. तर बराच वेळ पायरीवर उभी राहिली आणि गेली.”

सगळ्यांनी वहीकडे पाहिलं. आईनं ती माझ्या हातातून घेतली, गुरुवारची ओळ वाचली, बोटानं पुन्हा एकदा वाचली. वही बरोबर होती. वार तोंडी सांगणारं घरात एकच माणूस होतं. आईनं वही मिटून माझ्याकडे परत दिली आणि म्हणाली, “उद्या सकाळी स्टँडवर जाऊ. तू पण चल.” चार माणसांत ती मला काही बोलली नाही. मुल्लाचाचा तिथूनच उठून स्टँडवर गेले आणि तासाभरानं निरोप घेऊन आले: शुक्रवारी सकाळी एक मुकादम तासगावच्या गाडीत बायकांची टोळी चढवत होता, द्राक्षांच्या बागांवर, त्यात एक उंच पोरगी होती, सामान काही नव्हतं.

सोमवारी पहिल्या गाडीनं आम्ही दोघी तासगावला गेलो. विहिरींना पाणी टिकून होतं अशा बागा तिकडे थोड्याच होत्या, त्यामुळे विचारायला सोपं होतं. आई बांधाबांधावरून चालत गेली, मी मागे. तिसऱ्या बागेत एक म्हातारा राखणदार भेटला. आई त्याच्याशी माहेरच्याच भाषेत बोलली. तो म्हणाला, “हुती की, हौसा म्हनून. दोन दिस हुती. मुकादम जेवाय वाढताना कायतरी टाकून बोलला, तर ताट तसंच सारलं आन् उठली. कुनाच्या तरी गाडीत बसून गेली. कुटं ते कुनाला ठावं, बाई.” आईनं विचारलं की तिनं काही निरोप ठेवला का. म्हाताऱ्यानं नाही म्हणून मान हलवली. मग आठवून म्हणाला, पोरगी एवढंच म्हणाली, की मागून खायचं असतं तर सांगली काय वाईट होती.

परतीच्या गाडीत आई खिडकीशी बसली होती. मी सगळं सांगितलं, नळापासून ‘हो’पर्यंत. सांगताना मी मुद्देसूद सांगितलं, तोही माझा स्वभाव. आई बाहेर बघत होती. कवलापूर मागे गेलं, बुधगाव गेलं. मला वाटलं ती मारेल, किंवा वही काढून घेईल. शेवटी सांगलीच्या अलीकडे ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “लय वंगाळ केलंस, पोरी.”

एवढंच. ज्या भाषेसाठी मी तीन महिने जळत होते ती आई माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती अशी.

वहीचं काम तिनं माझ्याकडेच ठेवलं. पुढच्या रविवारी नियम तीन तात्यांच्या म्हणण्याप्रमाणे बदलला: पोराला काही विचारायचं नाही, पण वार चुकला की त्या घरानं संध्याकाळच्या आत पुढच्या घरी निरोप धाडायचा. निरोप न्यायचं काम माझं. पावसाळा सुरू होईपर्यंत मी गल्लीबोळांतून ते निरोप पोचवले, आणि त्यामुळे दोन पोरं आजारी पडलेली वेळेवर सापडली, एक घाटावर आणि एक पेठेत. नऊंपैकी सहा पुढे गावी परत गेली, दोघं सांगलीतच कामाला लागली. हौसाच्या नावापुढे दर आठवड्याला ‘गुरुवार: आपल्याकडे’ असं लिहायला आईनं मला लावलं आणि वही संपेपर्यंत ते मी लिहिलं. ताटली फळीवरच होती. तिच्यात कुणी जेवलं नाही.

आता त्या ताटलीविषयी. तीन वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या शिपायाची बायको, ती वडूजची, बोलता बोलता म्हणाली की त्यांच्याकडे बाजाराच्या रस्त्याला एक हौसाबाई शिवणाचं मशीन टाकून बसतात, दुष्काळात पोरवयात सांगलीला होत्या म्हणतात, आणि घर नसलेल्या पोरींना फुकट शिकवतात, जेवूखाऊ घालून. मी नीट चौकशी केली: वय जुळतं, आईचं नाव सोना. एका शनिवारी रजा टाकून ताटली पिशवीत घेतली आणि गेले. स्टँडवरून चालत पाच मिनिटं. रस्त्याच्या अलीकडून मी तिला पाहिलं. उंची तशीच, केस पांढरे. एका पोरीच्या हातावर हात ठेवून ती मशीनचं चाक फिरवायला शिकवत होती आणि काहीतरी बोलून हसत होती. मला रस्ता ओलांडून दोन वाक्यं बोलायची होती: ही तुझी ताटली, आणि काकीनं सांगितलं नव्हतं. दोन्ही मी लिहून नेली होती. मी उसाच्या रसाच्या गाड्यामागे अर्धा तास उभी राहिले आणि परतीच्या गाडीत बसले.

मला तिच्या रागाची भीती वाटली असं मी घरी सांगितलं. ते खरं नाही. तिथं उभी असताना मला एवढंच दिसलं, की ही आता आईला भेटायला येणार. आई दिवाणावर बसलेली असते, ऐकायला कमी येतं, आणि अलीकडे तिची ती निवडून बोलायची भाषा सुटून गेली आहे. सगळ्यांशी माहेरचंच बोलते, माझ्याशीही. इतक्या वर्षांनी ती भाषा माझ्या वाट्याला आली आहे. दुपारी तीन ते चार मी तिच्याजवळ बसते, आता वेणी मी तिची घालते. हौसा आली की त्या दोघी वढ्याच्या कडेचं घर काढून बसतील, आणि मी समोर तांदूळ निवडत.

काल गुरुवार होता. आईनं फळीकडे बोट दाखवून विचारलं, “दिलीस का गं ताटली?” मी म्हणाले, देते. ती म्हणाली, “मी हाय तंवर दे.” वडूजची गाडी सकाळी सव्वासातला सुटते, आजची गेली. पिशवी दाराशी आहे. आजच्या यादीत हे काम सातवं आहे. बाकीच्या सहांवर रेघ मारून झाली.